मातीवरची बदकं

"त्या मोडक्या होडीच्या डावीकडे बघा, वहिनी. शेकाटे. दहाएक तरी असतील. दिसले?"

"दिसले," मी म्हटलं.

मला होडी दिसली होती, तीही दुर्बीण न लावता. दुर्बीण लावली की मला माझ्याच पापण्या दिसायच्या आणि त्यांच्या पलीकडे काहीतरी राखाडी हलायचं. ते पाणी होतं की आभाळ, देव जाणे. भाऊजींनी "दहा शेकाटे" असं दोनदा पुटपुटून आकडा डोक्यात ठेवला आणि आम्ही बांधावरून पुढे निघालो.

उजाडल्यापासून मी "दिसले"शिवाय दुसरं काही बोलले नव्हते. चिखल्या दिसले, तुतवार दिसले, कुठल्याशा खांबावरचा कुरव दिसला. खोटं बोलतेय असं मला वाटतही नव्हतं. नोंदणीच्या लग्नात साक्षीदार सही करतो, तो काय नवरा-नवरी पारखून घेतो का? सही लागते म्हणून करतो आणि पेढ्याची वाट बघतो. तसंच हे. मला सांगितलं होतं, नुसतं बरोबर चला. मी चालत होते.

प्रकार असा होता. पावसाळा सरला, हवा कोरडी झाली की उत्तरेकडचे पक्षी आमच्या किनाऱ्यावर उतरतात. तेव्हा पक्षी बघणारी मंडळी एक रविवार ठरवून अख्खा किनारा आणि बांधामागची पाणथळ जमीन आपसात वाटून घेतात, दिवसभर मोजतात आणि संध्याकाळी बंदराच्या कचेरीत जमून आकडे सांगतात. नियम एकच. एकट्या माणसाचा आकडा धरायचा नाही. एकाने बघायचं आणि दुसऱ्याने आपल्या डोळ्यांनी बघून "हो" म्हणायचं. धक्क्यापासून खाडीच्या वळणापर्यंतचा पट्टा आमच्या यांचा आणि भाऊजींचा. माझं लग्न व्हायच्या आधीपासून तो या दोघा भावांचाच; गणती नसली तरी थंडीतले रविवार दोघं तिथेच काढत. सगळे त्यांना मोठे आणि धाकटे म्हणत.

उन्हाळ्याच्या तोंडी हे गेले. माझ्या शिलाईच्या मशीनपाशी बसून दोरा ओवून देत होते, म्हणाले, जरा पाणी दे. मी पाणी घेऊन आले तोवर दोरा ओवलेला होता आणि हे नव्हते.

त्यानंतर भाऊजी आणखी कमी बोलायला लागले. आधीच काय ते फार बोलत असत असं नाही. सगळी नोकरी लिफ्टच्या दुरुस्तीत गेली. हे त्यांना चिडवायचे, आठवडाभर खड्ड्यात उभा राहून वर बघतोस, रविवारी मोकळ्यावर उभा राहून वर बघतोस, तुझी मान एकदा तशीच अडकणार आहे. लग्न राहून गेलं. एकदा मुलगी बघायला गेले होते. त्या इमारतीची लिफ्ट बंद होती, म्हातारीकोतारी जिन्यात बसलेली. भाऊजींनी बाह्या सरसावल्या, लिफ्ट चालू केली, तेलकट हातांनी वर जाऊन चहा प्यायले आणि घरी आले. मुलगी कशी होती विचारलं तर म्हणे, आवाज चांगला होता. एवढ्यावर कोण मुलगी देणार? तेव्हापासून आमच्या शेजारच्या खोलीत राहतात, दोन वेळा आमच्याकडे जेवतात, ताट स्वतः घासून ठेवतात. कुणाच्या अध्यात ना मध्यात. एवढी ही गणती मात्र त्यांची होती.

मागच्या आठवड्यात गणतीच्या बाईंचा फोन आला. बाई पूर्वी कुठल्याशा कॉलेजात शिकवत. मोठ्यांबद्दल दोन शब्द चांगले बोलल्या आणि मग म्हणाल्या, जोडीदार नसेल तर पट्टा दुसऱ्या जोडीकडे द्यावा लागेल, दातांची डॉक्टरीण आणि तिचा नवरा केव्हापासून मागताहेत. भाऊजी फोन ठेवून माझ्या दारात येऊन उभे राहिले. आत येईनात, जाईनात. मी पडद्याची शिवण उसवत होते. शेवटी म्हणाले, "वहिनी, तुम्ही याल?"

नाही कसं म्हणणार? मला कावळा ओळखू येतो, आणि बाकीचे ते कावळे नव्हेत एवढं कळतं. पण हा पट्टा गेला तर हा माणूस रविवारी काय करेल, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. खिडकीत बसेल. आणि मग सोमवारीही बसेल.

तर अशी मी बांधावर. दिवस कुंद. वारा समोरून, चिखलाला कुजका वास, आणि मधूनमधून पाण्यावर प्लास्टिकच्या पिशव्या फुगून तरंगत होत्या. बुटात माती गेलेली. यांची दुर्बीण माझ्या गळ्यात होती आणि तिचा पट्टा मानेला घासत होता. त्या पट्ट्याला यांच्या मानेचा घाम वर्षानुवर्षं लागलेला, तो भाग कडक झाला होता. मी तो बदलणार होते, कापड काढूनही ठेवलं होतं. नाही बदलवला.

बांध जिथे आत वळतो तिथे मागच्या बाजूला मोठं तळं आहे, असं भाऊजी वाटेत सांगत आले. खाडीला भरती आली की पक्षी तिथे येऊन बसतात. आपल्या पट्ट्याची खरी शोभा तीच. दादा तिथे गेला की डबा उघडायचा. मला भूक लागली होती, त्यामुळे तळ्याचं कौतुक मीही मनापासून ऐकलं.

वळणावर पोचलो. मी एका दगडावर टेकले आणि काही उद्योग म्हणून दुर्बिणीचं मधलं चाक फिरवत बसले. मशीनच्या चाकावर आयुष्य गेलंय माझं, चाक दिसलं की हात जातोच. फिरवता फिरवता एकदम पापण्या गेल्या आणि समोरचं सगळं स्वच्छ झालं. गवताचं पातं न् पातं. मला इतका आनंद झाला की मी भाऊजींना सांगणार होते, पण ते आधीच दुर्बीण लावून उभे होते, पाय रोवून, तळ्याच्या दिशेने.

"तलवार बदकं आलीत," ते म्हणाले. आवाजात किती दिवसांनी ओलावा होता. "दरवर्षीच्या जागी. पलीकडच्या काठाला दाट बसलीत. दीडशे धरू या. दिसली?"

मी बघितलं. आता मला दिसत होतं.

तिथे पाणीच नव्हतं. तळ्याच्या जागी सपाट जमीन होती, लाल मातीची. फोडलेल्या भिंतींचे तुकडे, विटा, टाइलांचे ठिकरे घालून सगळं भरून काढलेलं. मातीवर यंत्राच्या साखळीचे माग उमटलेले, कडेने कुंपणाचे खांब पुरलेले. एक कुत्रं मधोमध झोपलं होतं. बस्स. एवढंच.

मला आधी वाटलं, माझंच चुकतंय. मी भलतीकडे बघतेय. मी भाऊजींकडे बघितलं, त्यांच्या दुर्बिणीचं तोंड कुठे आहे ते बघितलं, त्याच रेषेत माझी लावली. कुत्र्याने कान हलवला.

"वहिनी, दिसली ना?"

माझ्या तोंडात "दिसली" तयार होतं. सकाळपासूनची सवय. पण ते काही केल्या बाहेर पडेना.

"भाऊजी," मी म्हटलं, "तळं भरून टाकलंय. तिथे माती आहे."

त्यांनी दुर्बीण खाली केली नाही. म्हणाले, "सगळं?"

"सगळं."

"म्हणूनच आवाज येत नव्हता. मला वाटलं, वारा उलटा आहे."

मी उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. ते माझ्या कानाकडे बघत होते. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. गेली काही वर्षं ते माझ्याशी बोलताना असेच, थोडं बाजूला बघतात. हे गेल्यापासून तर मला वाटायचं, बिचारे संकोचतात, विधवा वहिनीकडे सरळ बघवत नाही त्यांना. संकोच कसला! त्यांना माझा चेहराच दिसत नव्हता.

मी खाली बसवलं त्यांना, पाणी दिलं, आणि सगळं काढून घेतलं. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, म्हणून चालताना ठेच लागत नाही, ताट घासता येतं, कुणाला कळत नाही. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं जातं. इलाज नाही, वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलंय. दादाला माहीत होतं. फक्त दादाला.

"मग तुम्ही गणती कशी करत होता?"

"दादा सांगायचा," ते म्हणाले. "केवढा, कुठल्या रंगाचा, चोच कशी, चालतो कसा. दिवसभर सांगत राहायचा. त्याला नावं कधी आली नाहीत. मी नाव सांगायचो, मग तो परत बघून हो म्हणायचा."

मला काय वाटलं ते सांगते. राग आला. या रविवारांवरून हे घसा बसवून यायचे. मी हळद घालून दूध द्यायचे आणि विचारायचे, वाऱ्यात मफलर का नाही बांधला? तर वाऱ्याने नव्हता बसलेला. माणूस दिवसभर बोलत होता! मी विचारलं, आज काय झालं, तर मला उत्तर "हं". भाजी कशी झालीय, "हं". लेकीचं पत्र आलंय, "हं". सगळं आयुष्य मी या "हं"च्या वाट्याला, आणि इकडे भावाला एकेका पिसाचं वर्णन. मला सांगितलं असतं तर मी काय गावभर दवंडी पिटणार होते? मी हे सगळं मोठ्याने म्हटलं की मनात, आठवत नाही. बहुतेक मोठ्यानेच म्हटलं असावं, कारण भाऊजी म्हणाले, "त्याने मला शब्द दिला होता, वहिनी. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही मला एकट्याला जिना उतरू दिला नसता."

तेही खरंच. रडू आलं, ते येऊ दिलं. हे असते तर आत्ता भांडले असते आणि मग बरं वाटलं असतं. आता भांडायला कोण आहे?

थोड्या वेळाने भाऊजींनी विचारलं, "मग सकाळपासून तुम्ही दिसले, दिसले म्हणत होता ते?"

आता माझी पाळी. मी म्हटलं, "मला आत्ता, पाच मिनिटांपूर्वी पहिल्यांदा दुर्बिणीतून दिसलं."

ते माझ्या कानाकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मीही हसले. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, आणि वर दोघं मिळून हिशेब देणार, पीठ कसं छान बारीक पडलंय म्हणून. पण भाऊजींचं हसू लवकर संपलं.

"होडीपाशी शेकाटे असतात," ते म्हणाले. "दरवर्षी असतात, म्हणून म्हटलं. खांबावर कुरव असतो. तळ्यात बदकं असतात. मी मातीवर बदकं बसवली, वहिनी. दीडशे."

डबा उघडला, पण कुणी फारसं जेवलं नाही. मग मीच उठले. म्हटलं, चला, अर्धा पट्टा उरलाय. हे सांगत होते, आता मी सांगते. यांना तरी कुठे नावं येत होती?

दुपारभर मी बोलले. पहिल्यांदा जमेना. "एक पक्षी आहे" म्हटलं की ते विचारायचे, केवढा? "मध्यम." मध्यम म्हणजे काय, वहिनी? मग मी माझ्या भाषेत सुरू केलं. अंगावर धुवट गोणपाटाचा रंग, पोटाला पांढरं अस्तर, पंख उघडला की कडेने पांढरी पायपिंग. पाय लाल, तंग पायजमा घातल्यासारखे. "लालपाया टिलवा," ते लगेच म्हणाले. "शेपटी वरखाली करतो?" मी बघितलं. "मान झटकतो. उचकी लागल्यासारखी." "तोच."

एकदा खूप लांब चिखलात एक मोठं थोरलं दिसलं. चोच इतकी लांब आणि खाली वाकलेली, की मी म्हटलं, गोणपाट शिवायची सुई आहे ही, वाकडी. भाऊजींचा चेहरा उजळला. कोरल, म्हणाले, एकटाच आहे? एकटाच होता. पूर्वी रांगेने असायचे. मी चिखल या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला, पुन्हा बघितला. दुसरा नव्हता. मी तसं सांगितलं. एकदा मनात आलं, दोन म्हणावं, त्यांना काय कळणार आहे? पण आता ते जमण्यासारखं नव्हतं.

आकडे थोडेच झाले. माझा घसा पार बसला.

परतताना मी माझा बेत सांगितला. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाईंना काही बोलायचं नाही. सकाळचे आकडे गाळून दुपारचे सांगायचे, तळं गेल्याचं सांगायचं, बाकी चूप. पुढच्या वर्षापर्यंत मी नीट शिकते. मी बघेन, तुम्ही नाव घ्याल, मी हो म्हणेन. पट्टा आपल्याकडेच राहील. यांनी तेच केलं ना? भाऊजी ऐकत होते. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मला वाटलं, पटलं.

बंदराच्या कचेरीच्या ओसरीवर खुर्च्या मांडल्या होत्या. चहा, बिस्किटं, चिखलाचे बूट. एकेक जोडी उठून सांगत होती आणि बाई लिहून घेत होत्या. सगळ्यांचे आकडे घसरलेले, त्यामुळे सुतकी कळा आधीच होती. डॉक्टरीण आणि तिचा नवरा आमच्या समोरच बसले होते. चांगली माणसं. मला त्यांचा राग यावा म्हणून मी प्रयत्न करत होते, जमत नव्हतं.

आमची पाळी आली. मी उठणार, तर भाऊजींनी माझ्या हातावर हात ठेवला आणि स्वतः उभे राहिले.

"वळणावरचं तळं भरून टाकलंय," ते म्हणाले. "तिथे काही नाही. सकाळचं आमचं काही धरू नका. सकाळी मी न बघता सांगितलं. मला दिसत नाही. दुपारचे आकडे वहिनींनी बघितले, त्यांनी वर्णन केलं आणि मी नावं सांगितली. मागची काही वर्षं दादाच्या बाबतीतही तसंच होतं. ते आकडे ठेवायचे की काढायचे, ते तुम्ही ठरवा."

मी मान खाली घातली. मला त्यांचा इतका राग आला होता, की मी त्यांच्या बुटांकडे बघत बसले.

बाईंनी चष्मा काढला, पुसला. खूप हळू बोलल्या. म्हणाल्या, दुपारचे आकडे मी वेगळे लिहून ठेवते, पण गणतीत धरता येणार नाहीत, दोघांनीही आपापल्या डोळ्यांनी बघायला हवं. नियम मीच केलाय हो, म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य त्यांना जमेना.

"पट्टा डॉक्टरीणबाईंना द्या," भाऊजींनीच ते पुरं केलं. "त्यांची नजर चांगली आहे."

मग सगळं संपलं. खुर्च्या सरकल्या. माणसं एकेक करून भाऊजींपाशी आली, कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी हात हातात घेतला, ते या-त्या आवाजाकडे वळत राहिले. मी आमच्या पिशव्या गोळा करत होते. मनात यादी चालली होती. उद्या जिन्याच्या कठड्याला पांढरी पट्टी चिकटवायची. त्यांच्या खोलीतला स्टोव्ह काढायचा. आणि पुढच्या रविवारी काय, याचं उत्तर मात्र येत नव्हतं.

मागे वळले तर डॉक्टरीण आणि तिचा नवरा त्यांच्यापुढे उभे होते. ओहोटीला नेमकं कुठे उभं राहायचं, असं ती विचारत होती. अवघडून विचारत होती, पण विचारत होती. भाऊजी समजावून सांगत होते. ऊन पाठीशी कसं घ्यायचं, चिखल कुठपर्यंत उघडा पडतो, पाणी मागे सरताना पक्षी कुठल्या बाजूने खाली उतरतात. हात लांब करून दाखवत होते, आणि बोट कचेरीच्या मागच्या गोदामाच्या भिंतीकडे होतं. खाडी त्यांच्या पाठीशी होती. ती दोघं त्या बोटाच्या रेषेत, भिंतीकडे बघत, हो, हो, म्हणत माना हलवत होती.

मी पिशव्या खाली ठेवल्या. त्यांच्या कोपराला धरलं आणि हळूच त्यांना पाण्याकडे वळवलं. ते बोलता बोलता वळले. थांबले नाहीत. डॉक्टरीणही वळली, तिचा नवराही वळला, आणि आता आम्ही चौघं खाडीकडे तोंड करून उभे होतो.

"तिथे," भाऊजी म्हणाले. "दिसतंय ना?"

"दिसतंय," ती म्हणाली.